इतिहासाच्या तासाला मैत्रिणी तुटल्या, आता धडाच नको म्हणू का?

पत्र:

बाई नमस्कार, तुम्ही इतिहास शिकवायच्या म्हणून तुम्हालाच विचारते. आम्ही म्हापशाजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. तिची केजीपासूनची मैत्रीण कॅथलिक, आमच्या वाड्यावरच राहते, दोघींचं जेवणखाण एका घरात असल्यासारखं. मागच्या महिन्यात वर्गात पोर्तुगीज, धर्मांतर, इन्क्विझिशन हा भाग चालू होता. तास संपल्यावर एक मुलगा तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या लोकांनी आमचीं देवळां मोडलीं." दुसरा म्हणाला पावाखातीर बाटले. पोरगी रडत घरी गेली. माझी मुलगी शेजारच्या बाकावर होती, ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मैत्रीण आमच्याकडे येत नाही, तिची आई वाटेत भेटली तर हसून पुढे जाते. मी मुलीला ओरडले तर ती म्हणते, आई पुस्तकात आहे ना तसं, मग तो खोटं कुठे बोलला? मला उत्तर देता आलं नाही. मिस्टर म्हणतात खरा इतिहास आहे, कोणाला वाईट वाटतं म्हणून लपवायचा नाही. मला वाटतं शाळेत जाऊन सांगावं की असले धडे गोव्यात नकोत, इथे सगळे मिळून राहतात. काय करू? नाव छापू नका.

उत्तर:

नमस्कार ताई,

धडा काढा म्हणून शाळेत जाऊ नका, हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

देवळं पाडली हे खरंच आहे. तिसवाडीत १५४० च्या सुमारास आणि तुमच्या बारदेशात नि साष्टीत १५६० च्या दशकात. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मकोर्ट, १५६० ला सुरू झालं, मधली चार वर्षं बंद होतं ती सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. हे गोव्यातल्या मुलांना कळलं नाही तर कोणाला कळणार. आणि 'इथे सगळे मिळून राहतात' म्हणून आपण ते झाकून ठेवलं तर मुलं ते मोबाईलवर बघणार, आणि तिथे काय काय फिरतंय ते तुम्हीही बघितलं असेल. तेव्हा खरा इतिहास शिकवलाच पाहिजे हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यांना एवढंच सांगा की मग पुरता शिकवूया, मध्येच थांबायला नको.

आता मुलीचा प्रश्न, तो खोटं कुठे बोलला. देवळं मोडली हे खरं. 'तुमच्या लोकांनी' हे खोटं. तिला असं सरळ सांगा, आणि मग का ते सांगा, कारण नववीतल्या मुलीला नुसतं 'असं बोलू नये' पुरत नाही आणि पुरूही नये.

मी बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि शाळेच्या पुस्तकांमध्ये एक गोष्ट मला सारखी खटकत आलीय. वाक्यं अशी असतात की देवळे पाडण्यात आली, लोकांचे धर्मांतर करण्यात आले, हिंदूंवर अत्याचार झाले. हे करणारं कोण होतं? कुठला व्हाईसरॉय, कुठली पाद्रींची संस्था, लिस्बनहून आलेला कुठला हुकूम, गावातले कोण त्यांना सामील होते आणि कोण आडवे आले, यातलं काहीच नसतं, आणि जिथे असतं तिथे 'पोर्तुगीज' नाहीतर 'ख्रिश्चन' एवढंच लिहिलेलं असतं, जणू तो एकच माणूस आहे आणि चारशे वर्षं जिवंत आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला असं वाक्य दिलं की ते वर्गात नजर फिरवतं. पोर्तुगीज तर कोणी बसलेला नसतो. मग हजेरीपटावर ज्याचं आडनाव डिसोझा नाहीतर फर्नांडिस असतं ते पोर त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतं, म्हणजे बसवलं जातं. दिल्ली-आग्र्याचा धडा आला की हीच पाळी शेख आणि खान आडनावाच्या पोरांवर येते, जातीचा धडा आला की आणखी कोणावर. मुलं दुष्ट नसतात हो, पुस्तकाने जी जागा मोकळी सोडली ती ती भरतात एवढंच.

आणि तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या बाबतीत तर हे पूर्ण उलटं झालंय. इन्क्विझिशनचा हात मुख्यतः कोणावर होता? बाप्तिस्मा झालेल्यांवर. हिंदूंनाही त्याची झळ लागली, उघडपणे सण-पूजा केली, कोणाला धर्मांतरापासून अडवलं म्हणून पकडलेले हिंदू आहेतच, पण त्या कोर्टाचं मूळ कामच ख्रिस्ती झालेला माणूस जुन्या चालीरीती पाळतो का हे बघणं होतं. १७३६ चा त्यांचा एक लांबलचक हुकूमनामा आहे, इथल्या ख्रिस्ती लोकांनी काय काय करायचं नाही याचा. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. विडा, सुपारी, फुलं वाटायची नाहीत. नवरा-नवरीला हळद, नारळाचा रस, तेल लावायचं नाही. दारात तुळस नको, एकादशी नको, मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आता विचार करा ताई, ही मनाई का करावी लागली? कारण बाप्तिस्मा होऊन पावणेदोनशे वर्षं झाली तरी घराघरात बायका हे सगळं करत होत्या! तुम्ही त्यांच्याकडच्या लग्नाला गेला असाल तर रोस बघितला असेल, आदल्या दिवशी नारळाचा रस लावून नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात तो, आणि नवरीला चुडो भरतात तो. ज्याच्यावर हुकूम काढला तेच आजही चालू आहे. त्या कोर्टासमोर उभं राहायची वेळ आली असती तर ती त्या रडत गेलेल्या पोरीच्या पणजीच्या पणजीवर. १६८४ मध्ये कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला म्हणून हुकूम निघाला, त्याचाही मुख्य भार कोणावर पडला, तर ख्रिस्ती गोंयकारांवरच.

पावाचं म्हणाल तर विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायले ते बाटले ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, गोव्यातच नाही वसईकडेसुद्धा सांगतात. कागदपत्रं बघितली तर तिथे पाव सापडत नाही, जमीन सापडते. देवळांच्या जमिनी काढून घेतल्या, गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभारात ख्रिस्ती गावकारांना आधी मान, सरकारी कामं ख्रिस्ती माणसालाच, बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन पाद्रींकडे सोपवायचं, हे सगळे कायदे होते. कोणी घाबरून गेले, कोणी जमीन वाचवायला, कोणी पूर्ण गाव गेला म्हणून, आणि मनापासून गेलेलेही असणारच, साडेचारशे वर्षांनंतर आपण कोण त्यांच्या मनात शिरणार. बरेच जण रातोरात नदी ओलांडून गेले. यातला प्रत्येक माणूस काहीतरी वाचवत होता, कोणी देव, कोणी शेत, कोणी पोरं. 'पावाखातीर बाटले' म्हणणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेलंच नाही.

नदी ओलांडून गेले ते कुठे गेले, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि तो मुलीला नकाशा समोर ठेवूनच सांगा. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. म्हणजे सगळे अंत्रुजात, आजच्या फोंडा तालुक्यात. आणि तेव्हा अंत्रुज कोणाच्या ताब्यात होता? विजापूरच्या आदिलशहाच्या! शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला तो १६७५ मध्ये, त्याआधी शंभरावर वर्षं हे देव आदिलशाही मुलखात सुखरूप होते. आदिलशहा फार मोठा साधुपुरुष होता असं मी म्हणत नाही, राज्यकर्ता होता, त्याला त्याचा महसूल हवा होता. पण 'मुसलमान राजवट' एवढं एकच लेबल लावलेलं पुस्तक हे कधी सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर लेबल फाटतं. तसंच १५१० चं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कला गोव्यावर चाल करून ये म्हणून सुचवणारा आणि मदतीला उभा राहणारा तिमय्या हिंदू होता, आणि नोव्हेंबरमध्ये शहर पडल्यावर जी कत्तल झाली ती मुसलमानांची. गोव्याच्या इतिहासातल्या या मुसलमानांसाठी कोणी कधी एक मिनिट थांबत नाही. त्याही मागे जा, कदंब राजा जयकेशीच्या पदरी सधन नावाचा मुसलमान अधिकारी होता, अकराव्या शतकातला ताम्रपट आहे त्याचा.

हे हिंदू कालखंड, मुसलमान कालखंड असे कप्पे पाडायची सवय कुठून आली तेही नववीच्या मुलीला कळण्यासारखं आहे. जेम्स मिल नावाच्या स्कॉटिश लेखकाने १८१७ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो स्वतः कधी इथे आलाच नाही, आणि त्याने इतिहासाचे तीन भाग केले, हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या पुस्तकात पहिल्याच धड्यात यावर चांगली टीका होती, की बाबा, एका काळात एकच धर्म कसा असेल आणि राजाच्या धर्मावरून सगळ्या लोकांचं आयुष्य कसं कळेल. पण टीका पहिल्या धड्यात आणि कप्पे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात, असं झालंय. गोव्यात आपण त्याला शेवटचा कप्पा पोर्तुगिजांचा जोडला, बस्स.

आणखी एक. '४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट' हे आपण भाषणात, निबंधात, सगळीकडे म्हणतो. ती ४५१ वर्षं फक्त तिसवाडी, बारदेस, साष्टी या भागांची, म्हणजे जुन्या काबिजादीची, आधी जिंकलेल्या मुलखाची, आणि तिथेही बारदेस-साष्टी कायमचे ताब्यात यायला १५४० चं दशक उजाडलं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोवर धर्मांतराची ती लाट ओसरली होती आणि तिथे देवळं, चालीरीती तशाच राहू दिल्या. म्हणजे सत्तरीतल्या वाळपईच्या मुलाचा आणि म्हापशाच्या मुलाचा इतिहास एक नाही, पण दोघं परीक्षेत एकच उत्तर लिहितात, 'पोर्तुगीज धोरणाचे परिणाम स्पष्ट करा', पाच मुद्दे, पाच मार्क. हे पाच मुद्द्यांचं प्रकरण फार नुकसान करतंय, खरंच सांगते. पेपर तपासायला सोपं जातं हे मला माहीत आहे, पण पाच मुद्द्यांत माणूस बसत नाही, फक्त समाज बसतो.

ज्यांना त्या पाच मुद्द्यांतही जागा मिळत नाही त्यांच्याबद्दल थोडं बोलते, तुमच्या प्रश्नापासून जरा लांब गेल्यासारखं वाटेल पण नाहीये. आपल्या शेतांचे बांध, खाजन म्हणजे खाडीकाठची शेतं, मानशी म्हणजे त्यांची पाण्याची दारं, हे सगळं ज्यांच्या मेहनतीवर उभं राहिलं त्यात गावडे-कुणबी पुढे होते. पुस्तकात ते बहुतेक वेळा नाचाच्या फोटोत येतात, लाल चौकटीचं लुगडं आणि केसात फूल. त्यांचं गाव कोणी घेतलं, गावकरीत त्यांना हिस्सा का मिळाला नाही, ते कोणाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, मुंडकार म्हणून मालकाच्या जमिनीवर घर करून राहिले, हे येत नाही. आणि धर्माच्या कप्प्यात तर ते बसतच नाहीत, कारण हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे आहेत, आणि १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धीनंतर परत हिंदू झालेले नवे हिंदू गावडेही आहेत, आणि तिन्हींच्या वाट्याला आलेली वागणूक फार वेगळी नव्हती. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर चाळीस वर्षं उलटल्यावर. दुसरीकडे, धर्म बदलला म्हणून जात गेली असंही झालं नाही, ख्रिस्ती झालेले बामण बामणच राहिले, चार्दो म्हणजे क्षत्रिय ते चार्दोच, कुठल्या चर्चच्या कोंफ्रारीत म्हणजे मंडळात कोणाला घ्यायचं हेही जातीवरून ठरायचं. तेव्हा 'हिंदू विरुद्ध ख्रिश्चन' असं वाचलं की मी नेहमी विचारते, कुठला हिंदू आणि कुठला ख्रिश्चन? जमीन असलेला की नसलेला? तुमच्या वाड्यावर बघा, उत्तर तिथेच मिळेल.

तसंच कलावंत घराण्यांचं. गोव्याने देशाला गाणं दिलं म्हणून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची नावं आपण अभिमानाने घेतो, पण त्या ज्या समाजातून आल्या त्याला देवळाच्या व्यवस्थेत काय सोसावं लागलं आणि त्या समाजाने स्वतःची चळवळ उभारून त्यातून वाट कशी काढली ते पुस्तकात कुठे असतं? पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर त्याच समाजातले. नाव येतं, समाज येत नाही. असो, यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता साष्टीतलं कुंकळ्ळी गाव. दोघी मुलींना घेऊन एका रविवारी तिथे जा, हे मी आग्रहाने सांगते. १५८३ च्या जुलैमध्ये, देवळं मोडली आणि चर्चसाठी जागा बघायला जेझुइट संघाचे पाद्री आले म्हणून कुंकळ्ळीच्या लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला, पाच जेझुइट मारले गेले. त्यांच्याबरोबरचे काही इथलेच ख्रिस्तीही त्यात मेले. मग पोर्तुगिजांनी गावच्या सोळा गावकारांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार मारलं, एक तेवढा नदीत उडी मारून निसटला. गावात स्मारक आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या गावकारांचे बारा वांगड, म्हणजे बारा कुळं, त्यातल्या कित्येक घराण्यांत आज हिंदूही आहेत आणि कॅथलिकही. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला नेली, दरवर्षी सांत्र्यांची म्हणजे छत्र्यांची मिरवणूक निघते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या, लाल गुलालाने माखलेली माणसं, आणि त्यात कॅथलिक घरांतले लोकही असतात कारण ती त्यांच्याही पूर्वजांची. आता त्या मुलाला विचारा, तिथे 'तुमचे लोक' कोण आणि 'आमचे' कोण?

तुम्ही बारदेशातल्या, तर कांदोळीचंही सांगा. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथायचा कट झाला तो पिंतोंच्या घरात शिजला, कटात इथलेच पाद्री पुढे होते कारण गोरे पाद्री त्यांना वर चढू देत नव्हते, आणि पकडल्यावर पंधरा जणांना मरणाची शिक्षा झाली. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांबरोबर उभे राहिलेले डॉ. जुलियांव मिनेझिस कॅथलिक. 

पण ताई, इथे एक फार जपून. हे सगळं समजल्यावर माणसाला मोह होतो त्या मैत्रिणीला आणि तिच्या आईला म्हणायचा, की अगो तुम्हीपण मूळचे आमचेच. प्रेमाने म्हणतात लोक, मला माहीत आहे. कृपा करून म्हणू नका. त्या वाक्यात ती परत पाहुणी होते, चुकून बाहेर गेलेली आणि आता आपण मोठ्या मनाने आत घेतलेली. तिचं कॅथलिक असणं साडेचारशे वर्षांचं आहे, तिचं फेस्त, तिची लादीन, तिचा खुरीस, हे तिचं स्वतःचं घर आहे, कोणाकडून परत मिळवायचं नाहीये. तिच्या पूर्वजांनी सोसलं म्हणून ती या वर्गात सन्मानाने बसायला लायक ठरते असंही नाही. समजा तिचा कोणी पूर्वज खरंच त्या कोर्टाचा कारकून असता, तरी ती चौदा वर्षांची मुलगी त्याची जबाबदार नसती. २०२५ मध्ये एनसीईआरटीचं आठवीचं जे नवीन पुस्तक आलं त्यात मध्ययुगातल्या हिंसेच्या भागाआधी तशी एक टीप घातलीय, की भूतकाळातल्या घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. त्या पुस्तकावर बरेच वाद झाले आणि माझंही मत आहे की टीप टाकून पुढचा धडा परत त्याच पद्धतीने लिहिला तर टीप कोणी वाचत नाही. पण टीप बरोबर आहे, आणि शाळेत बोलायला तुमच्या उपयोगाची आहे.

तर करायचं काय. सगळ्यात आधी मुलगी. त्या मुलाने जे म्हटलं त्याने मैत्रीण दुखावली असेलच, पण घर सोडून बसलीय ती तुमच्या मुलीच्या गप्प बसण्यामुळे असं मला वाटतं. दहा वर्षांपासूनची मैत्रीण बाजूला बसलीय आणि तोंड उघडत नाही, म्हणजे हिलाही तसंच वाटतं असा अर्थ तिने काढला असणार, तुम्ही काढला नसता का? तेव्हा मुलीने जायला हवं. मेसेज नको, इमोजी नको, स्वतः जायचं आणि म्हणायचं की मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, तो चुकीचं बोलला, मी गप्प बसले ते वाईट केलं. बस्स एवढंच. हुकूमनामे आणि सनावळ्या तिथे काढायच्या नाहीत, ते नंतर दोघींनी मिळून वाचायचं. आणि जमलं तर वर्गातही, पुन्हा कोणी असं बोललं तर तिथल्या तिथे सांगायचं, 'कोणी मोडलीं, नाव सांग.' एवढा एक प्रश्न पुरतो, बहुतेक मुलं तिथेच अडकतात.

तिच्या आईकडे तुम्ही जा. काहीतरी निमित्त काढून नको, सरळ याच विषयासाठी जा. ती हसून पुढे जाते कारण तिला माहीत नाही तुमच्या घरात यावर काय बोललं जातं, आणि खरं सांगायचं तर मिस्टरांचं 'खरा इतिहास' हे वाक्य मुलांमार्फत तिच्यापर्यंत पोचलंही असेल, वाड्यावर काही लपत नाही. मिस्टरांनाही बरोबर न्या. त्यांना समजवायला वेळ लागला तरी चालेल, पण खरेपणाची एवढी चाड असलेला माणूस १७३६ चा हुकूमनामा ऐकून तसाच राहील असं मला वाटत नाही.

मग शाळा. टीचरना एकट्यांना भेटा, वेळ मागून, आरोप न करता. त्या बिचाऱ्यांवर पोर्शनचं ओझं असतं, त्यांनी पुस्तकात होतं तेच शिकवलं. त्यांना म्हणा की धडा राहू दे, एक तास जास्त द्या. त्या तासात गोव्याचा तालुक्यांचा नकाशा घ्यायचा आणि कुठला तालुका कुठल्या सालात पोर्तुगिजांकडे गेला त्याप्रमाणे मुलांनी रंगवायचा, देव कुठून कुठे गेले त्याचे बाण काढायचे आणि त्या वेळी पलीकडे राज्य कोणाचं होतं ते लिहायचं. अर्ध्या तासाचं काम. मग प्रत्येकाने घरी जाऊन आजीला विचारून यायचं की आपलं घर या गावात कधीपासून, जमीन कोणाची होती, १९६४ चा कूळ कायदा आला तेव्हा आपण भाटकार म्हणजे जमीनदार होतो की मुंडकार की कूळ. हे विचारल्यावर वर्गात हिंदू-ख्रिश्चन अशी वाटणी होतच नाही, वेगळीच वाटणी होते, आणि ती बघून मुलं गप्प होतात, आपसात बोलायला लागतात. शिकवताना हे मी स्वतः बघितलंय. टीचरना तीन-चार गोष्टी हाताशी हव्या असतील तर वरचं सगळं त्यांना वाचायला द्या, माझी काही हरकत नाही.

त्या मुलाचं नाव घेऊन तक्रार करू नका. वाक्याची तक्रार करा. ते वाक्य त्याने घरी, नाहीतर कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये ऐकलंय, त्याला एकट्याला उभं करून शिक्षा केली तर तो ते विसरणार नाही, उलट घट्ट धरून ठेवेल, आणि आपल्यावर अन्याय झाला अशी त्याची खात्री होईल. त्यालाही त्या नकाशाच्या तासाला बसवा, शक्य असेल तर बाण काढायचं काम त्यालाच द्या म्हणा. टीचरनी ऐकलं नाही तर हेडमास्तरांना लेखी द्या, तेही नाही जमलं तर पीटीएच्या मीटिंगमध्ये मांडा. फक्त पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय काढू नका, तिथे दहा मिनिटांत काय होईल ते तुम्हाला माहीत आहे आणि त्या ग्रुपवर त्या मुलीची आईसुद्धा आहे.